आखाजीला गच्चीवर राक्षसी जनावरांचा सिनेमा: पोरांना दाखवावा का?

गिरणामाय

मंडळी, यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही तिघी बहिणी माहेरी एकत्र येतोय. गाव चाळीसगाव तालुक्यातलं, गिरणेकाठचं. घराला लागूनच ऊस आहे. धाकट्या भावाने प्रोजेक्टर घेतलाय. झोके, गौराई, खापरावरच्या पुरणपोळ्या हे सगळं होईलच, पण एका रात्री गच्चीवर चादर ताणून "मोठ्ठ्या जनावराचा" भयपट लावणार, असं त्याने भाचरांना सांगूनही टाकलंय. आता माघार नाही.

पोरं अशी: सहा वर्षांचा एक (बहिणीचा, पुण्यात वाढलेला), आठ आणि नऊचे दोघं (एक माझा, एक भावाचा, भावाचा गावातच असतो), अकराची एक आणि चौदाची माझी थोरली. गल्लीतली येतील ती वेगळी, गावात पडदा लागला की कोणाला नाही म्हणणार? आजीही बसणार आहे.

भावाची यादी: ज्युरासिक पार्क, शार्कवाला जॉज, अ‍ॅनाकोंडा, १९५४चा जपानी गॉडझिला आणि कोणीतरी सुचवलेला कोरियन 'द होस्ट'. वहिनी म्हणते एकही नको. भाऊ म्हणतो, "खोटं असतं ते, पोरांना कळतं." सिनेमा संपल्यावर सगळे तिथेच गच्चीवर झोपणार आहेत, हे धरून सांगा. उन्हाळ्यात आमच्याकडे खाली खोलीत झोपायची सोय नसते, भाजून निघतो माणूस.

भुसावळ_यार्ड

काही होत नाही हो ताई. आम्ही यात्रेतल्या तंबूत मातीत बसून काय काय पाहिलं. ऐन भुताच्या वेळी रीळ तुटायचं आणि अख्खा तंबू शिट्ट्या मारायचा. आजकाल पोरांना जरा जास्तच जपतात. मोबाइलवर दिवसभर काय बघतात ते आधी तपासा.

निंबूपाणी

वाचतेय. आमच्याकडेही हेच चाललंय, फक्त वहिनीच्या जागी मी आहे.

रीळवाला_धुळे

यादी बघून राहवलं नाही. या पाच सिनेमांना एकाच पिशवीत घालणं म्हणजे तुमच्या भावाने कमाल केली.

आधी प्रमाणपत्राचं बोलू, कारण ते कोणीतरी काढणारच. आपल्याकडे १९५२च्या कायद्याखाली सेन्सॉरचं काम चालतं. १९८३ पासून यू (सगळ्यांसाठी) आणि ए (फक्त मोठ्यांसाठी) यांच्या मधला यूए आला, म्हणजे बारा वर्षांखालच्यांच्या पालकांनी बघून ठरवावं. २०२३च्या दुरुस्तीनंतर त्या यूएचे तीन तुकडे झाले: ७+, १३+ आणि १६+. पण यातली मेख अशी की हे आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत. ए सिनेमाला अठराच्या आतल्यांना थिएटरवाल्याने सोडायचंच नसतं. यूए १६+ ला तुम्ही सहा वर्षांचा पोरगा मांडीवर घेऊन बसलात तर कायदा तुम्हाला काही म्हणत नाही. ओटीटीवर २०२१च्या नियमांनी हीच वर्गवारी त्या कंपन्यांनी स्वतः करायची आहे, आणि १३+ व त्यावरच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप द्यायचं आहे. तुमच्या गच्चीवर कुलूप म्हणजे तुमचा भाऊ. म्हणजे आनंदच.

अमेरिकेचं तर अजून मजेशीर. जॉज १९७५चा. त्यात समुद्रकिनाऱ्यावर सगळ्यांच्या देखत एक लहान मुलगा मरतो, पाणी लाल होतं, आणि तरी त्याला 'पालकांच्या मार्गदर्शनाखाली' एवढाच शिक्का मिळाला, कारण त्याच्या वरचा शिक्का थेट मोठ्यांसाठीचा होता आणि मधली पायरीच नव्हती. ती १९८४ मध्ये आली, पीजी-१३. ज्या दोन सिनेमांवरून ओरड झाली त्या दोन्हींशी जॉजच्या दिग्दर्शकाचं, स्पीलबर्गचंच नाव जोडलेलं होतं आणि मधली पायरी करा असं सुचवणाराही तोच. पुढे ज्युरासिक पार्क त्याच पायरीवर बसला.

आता यादी.

'द होस्ट' काढून टाका. २००६चा, बोंग जून-होचा, माझा अतिशय लाडका सिनेमा आहे, पण नदीतून आलेलं जनावर एका बापाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलगी उचलून नेतं, आणि पुढे जे होतं ते सांगत नाही. गोष्ट एका कुटुंबाचीच आहे, म्हणून कोणी "फॅमिली सिनेमा" म्हणून सुचवला असेल. तुमची चौदाची आणि तुम्ही दोघी वेगळ्या बसून बघा.

गॉडझिला १९५४चा. काळा-पांढरा, रक्त नाही, रबरी पोशाखातला माणूस, म्हणून लहानांना चालेल असं वाटतं. अजिबात नाही. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिकमध्ये हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि त्याची राख जपानच्या एका मासेमारी बोटीवर पडली. सिनेमा त्याच वर्षी आला आणि सुरू होतो तोच बोटी बुडण्यापासून. त्यात एक बाई पोरांना कवटाळून जळत्या टोकियोत बसलीय आणि सांगतेय की आता आपण बाबांकडेच जाणार आहोत. मी चाळिशीत तो प्रसंग पाहिला आणि उठून पाणी प्यायलो. सहा वर्षांचा कंटाळेल; नऊचा "कुठे जाणार?" असं विचारेल. मग सांगा तुम्ही.

भुसावळ_यार्ड

गॉडझिला म्हणजे हॉलिवूडवाला लावा ना मग, माकडाशी मारामारीवाला. नुसती पडझड. पोरं खूश.

रीळवाला_धुळे

तो भयपट नाही, ती कुस्ती आहे. पण हो, सहा वर्षांच्याला त्या यादीतल्या कशाहीपेक्षा तीच बरी.

सातपुडा_पायथा

धागा दोनदा वाचला. मला वाटतं तुम्ही सगळे जनावराच्या उंचीवर आणि रक्तावर भांडताय. प्रश्न गच्चीचा आहे.

मी यावलकडचा. आमच्या भागात बिबट्या ही सिनेमातली गोष्ट नाही. पलीकडे मुक्ताईनगरला डोलारखेड्याच्या बाजूला केळीच्या बागांत वाघ फिरतो, मजूर सकाळी बागेत शिरताना आधी आवाज करतात. आणि ताई, तुमच्या गिरणा पट्ट्यात तर २०१७ साल कोणी विसरलेलं नाही. नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, संध्याकाळनंतर शेतात कोणी जाईना, शेवटी गोळीच घालावी लागली. तुमच्या भावाचा मुलगा तेव्हा तान्हा असेल नाही तर जन्मलाही नसेल. पण त्याने ती गोष्ट घरात ऐकलीच असणार, दर दोन दिवसांनी कोणाच्या तरी कुत्र्याच्या निमित्ताने ती निघते.

आता या पोराला दोन जनावरं दाखवा. एक पन्नास मीटर उंच, इमारती पाडणारं. दुसरं माणसाच्या उंचीचं, गवतात दबून बसलेलं, ज्याची फक्त शेपटी हलताना दिसते. पहिलं तो हसून सोडून देईल, कारण गावात एवढी इमारतच नाही. दुसरं त्याच्यासोबत खाली उतरेल. ज्युरासिक पार्कच्या दुसऱ्या भागात, १९९७च्या, उंच गवतातून माणसं पळतात आणि एकेक जण खाली ओढला जातो. वरून कॅमेरा आहे, फक्त गवतात रेषा सरकताना दिसतात. पुण्याच्या पोराला ते भारी वाटेल. ज्याच्या घरामागे ऊस उभा आहे त्याला तसं वाटणार नाही.

प्रमाणपत्र देणाऱ्याला तुमच्या घराच्या मागे काय पेरलंय ते माहीत नसतं, म्हणून ते काम तुम्ही करायचं. सिनेमा आधी स्वतः बघा आणि एवढंच विचारा: यातलं काय उद्या सकाळी पोराला घराच्या शंभर पावलांत दिसणार आहे? विहीर, पाट, ऊस, अंधारातलं कुत्र्याचं भुंकणं, परसातला संडास. ते ज्या सिनेमात आहे तो गच्चीवर नको. बाकी रक्त-बिक्त पोरं पचवतात. घरी बोकड कापताना पाहिलेली आहेत ती.

अजून एक. जिना कुठे आहे? घराच्या आतून की बाहेरून मागच्या बाजूने? रात्री लघवीला खाली कोण नेणार, हे सिनेमाच्या आधी ठरवा.

मन्ही_बोली

सातपुडाभाऊ, शंभर टक्का खरं. मन्हा आंडोर त्या डायनासोरना सिनेमा देखीसन दोन-चार दिन वाडामा एकला गया नही. मी त्याले सांगं, आरे तो आमेरिकामा शे, आपला गावमा कसाले येई? तो म्हने, "आबा, बिबट्या बी जंगलमा ऱ्हास ना, मंग आपला खयामा कसा उना?"

मन्हाकडे जवाबच नही व्हता भो.

निंबूपाणी

😂 आबांना निरुत्तर केलं पोराने.

दोन_लेकरांची_आई

सातपुडा यांच्या प्रतिसादाला +१, पण लहानग्याचं वेगळं असतं. मी बालवाडीत शिकवते. पाच-सहा वर्षांची मुलं दिसण्याला घाबरतात. दात, डोळे, अचानक मोठा होणारा चेहरा. ते शक्य आहे की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, म्हणून "खोटं आहे रे" हे मामाचं पालुपद त्यांच्यावर चालत नाही. तुम्ही खोटं म्हणताय आणि त्याला तर समोर दिसतंय! आठ-नऊच्या पुढची मुलं उलट शक्यतेला घाबरतात. दिसायला साधं पण घडू शकेल असं काही असलं की ती गप्प होतात. तेव्हा सहाच्याला मांडी लागते, पाण्याचा पेला लागतो, डोळ्यांवर पांघरूण घ्यायची मुभा लागते. नऊच्याला उत्तरं लागतात. दोघांना एकाच वेळी एकच औषध नाही.

आणि कृपा करून त्याला "भित्रा" म्हणू नका. मामा लोक हमखास म्हणतात. मग ते पोरगं डोळे मिटत नाही, सगळं बघतं, आणि रात्री दोन वाजता आईला उठवतं.

भुसावळ_यार्ड

म्हणजे आता सिनेमा दाखवायला पण डीएड पाहिजे.

दोन_लेकरांची_आई

नको. मांडी रिकामी पाहिजे. ती असते का तुमच्याकडे?

भुसावळ_यार्ड

रेल्वेत आहे ताई, रात्रपाळी असते. आमच्याकडे मांडी नसते, डबा असतो. 🙏 मुद्दा पटला.

सर्पमित्र_पाचोरा

अ‍ॅनाकोंडाबद्दल माझं वेगळंच दुखणं आहे. तो सिनेमा टीव्हीवर लागला की नंतर मला "अ‍ॅनाकोंडा निघाला" म्हणून फोन येतात. जाऊन बघतो तर धामण. बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची फुकटची राखणदार, आणि तोवर निम्म्या वेळा काठीने मेलेली असते.

अ‍ॅनाकोंडा दक्षिण अमेरिकेतला, विषारी नाही, विळखा घालून मारतो. आपल्याकडे रानात मिळत नाही. आपल्याकडे ज्यांच्यापासून जपायचं ते चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातला एकही राक्षसी नाही. फुरसं तर वीतभर ते हातभर. पोरांच्या डोक्यात "मोठा साप म्हणजे धोका" बसतं आणि दगडाखालच्या बारक्या फुरशाकडे ती दुर्लक्ष करतात. माझा विरोध भीतीला नाही, चुकीच्या सापाला घाबरण्याला आहे. मण्यार तर रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते; त्या मानाने तुमचं गच्चीवर झोपणं उत्तम. तिथेही अंथरूण झटकून घ्या.

राक्षसी सापच दाखवायचा असेल तर खरा दाखवा. कच्छमध्ये पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या मणक्यांवरून रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'वासुकी इंडिकस' जाहीर केला. सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, लांबी अंदाजे ११ ते १५ मीटर. गुजरात आपल्या शेजारी. गच्चीवर दोरी टाकून पंधरा मीटर मोजायला लावा पोरांना, गच्ची पुरणार नाही.

गणिताचे_सर

दोरीची कल्पना फार आवडली. त्याला जोड देतो.

कुठलंही जनावर सगळीकडून दुप्पट केलं तर उंची दुप्पट होते, हाडाचा छेद चौपट होतो, आणि वजन मात्र आठपट. गॅलिलिओने हे सतराव्या शतकात लिहून ठेवलंय. म्हणजे चौपट हाडाला आठपट ओझं. दहापट केलं तर शंभरपट हाडावर हजारपट वजन. १९५४चा गॉडझिला ५० मीटरचा दाखवलाय. असं जनावर उभं राहायच्या आधीच स्वतःच्या पायांवर कोसळेल. राक्षसी मुंग्या-कोळ्यांचं तर त्याहून वाईट. कीटकांना फुप्फुसं नसतात, अंगावरच्या छिद्रांतून बारीक नळ्यांनी हवा आत जाते. आकार वाढला की आतपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. तीसेक कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू जास्त होता तेव्हा चतुरासारखे कीटक दोन फुटांपेक्षा जास्त पंखविस्ताराचे होते, पण तेवढंच.

आमच्या आठवीच्या वर्गात मी हे साबणाच्या वड्यांवर करून दाखवतो. एक वडी, मग आठ वड्या रचून दुप्पट मापाचा ठोकळा. खालच्या बाजूला किती वड्या टेकल्यात ते मोजा: चार. ओझं आठचं. "सर, मग डायनासोर कसे उभे राहायचे?" हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि तो आला की माझा तास सत्कारणी लागतो. (हाडं पोकळ, पाय खांबासारखे सरळ, अंगात हवेच्या पिशव्या. हे पुढच्या तासाला.)

नऊ वर्षांच्याला लागणारी उत्तरं म्हणतात ती हीच, ताई.

मॉडरेटर

'द होस्ट'चा शेवट सांगणारा एक प्रतिसाद उडवला आहे. रहस्यभेद करायचा असल्यास आधी सूचना लिहावी.

गिरणामाय

धन्यवाद सगळ्यांना, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. जिना बाहेरूनच आहे, मागच्या बाजूने, उसाकडे तोंड करून. वाचल्यावर अंगावर काटाच आला, आम्ही लहानपणी तोच जिना धावत चढायचो.

भावाला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तो आता ज्युरासिक पार्कवर अडून बसलाय, पहिला भाग, हिंदीत. बाकीचे सोडायला तयार आहे. चालेल का?

रीळवाला_धुळे

चालवता येईल, हातात रिमोट ठेवून.

तो सिनेमा १९९३चा, आपल्याकडे हिंदीत १९९४ मध्ये आला आणि हॉलिवूड सिनेमा हिंदीत डब करून जोरात चालतो हे त्याने दाखवून दिलं. दोन तास सात मिनिटं. त्यात डायनासोर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत, हे पोरांना सांगितलं तर ती मोजत बसतील. पहिल्या तासात भीती अशी जवळपास नाहीच, सुरुवातीचा पिंजऱ्याचा प्रसंग सोडला तर. तो कापा, काही बिघडत नाही. टी-रेक्सचा हल्ला तासाभराने येतो. पाऊस, गाडीत अडकलेली दोन मुलं. तिथे आवाज कमी करा. चित्र तेच राहतं, भीती निम्मी होते. ती डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीच्या आवाजांची सरमिसळ करून बनवलीय. हे आधी सांगून ठेवा, पोरं त्यातला हत्ती शोधतात.

खरा कठीण प्रसंग शेवटाकडचा, स्वयंपाकघरातला. दोन मुलं भांड्यांच्या कपाटामागे लपलीत आणि दोन रॅप्टर (माणसाएवढे शिकारी डायनासोर) नखं वाजवत फिरताहेत. दाराचा कडीकोयंडा उघडणारं जनावर! सातपुडा म्हणाले तेच, आकाराने लहान आणि घरात शिरणारं. लहान दोघांना तेव्हा खाली नेऊन आमरस द्या.

आणि शक्य असलं तर आदल्या दिवशी त्याच्या निर्मितीची चित्रफीत दाखवा. टी-रेक्सचं यंत्र पावसात भिजलं की त्याची रबरी कातडी पाणी प्यायची आणि ते थरथरायला लागायचं, मग माणसं टॉवेल घेऊन पुसत बसायची. पेल्यातल्या पाण्यावर जे तरंग उठतात ते गाडीखालून गिटारची तार छेडून काढलेत. टॉवेलने पुसलेल्या राक्षसाला कोण घाबरतंय?

गणिताचे_सर

आणि हेही सांगा की खरा व्हेलॉसिरॅप्टर टर्कीएवढा होता, अंगावर पिसं असलेला. सिनेमात फुगवलाय.

मन्ही_बोली

म्हंजे कोंबडा!

सातपुडा_पायथा

माझी हरकत नाही. फक्त पडदा असा बांधा की पोरांची पाठ उसाकडे नको, घराच्या भिंतीकडे हवी. समोर काय आहे ते दिसलेलं बरं असतं. आणि जिन्यावर रात्रभर बल्ब. भारनियमन असेल तर बॅटरी उशाशी.

निंबूपाणी

जॉजबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे हट्ट त्याचाच आहे.

रीळवाला_धुळे

पोरं विहिरीत, पाटात पोहायला शिकत असतील तर या उन्हाळ्यात नको. समुद्र आपल्यापासून लांब आहे ही पळवाट चालत नाही, पोराच्या दृष्टीने पाणी ते पाणी, खाली काय आहे ते दिसत नाही. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून तो फार कमी दाखवला, आणि न दाखवल्यामुळेच तो सिनेमा एवढा घाबरवतो. पोहणं पक्कं झालं की बारा-तेराला जरूर दाखवा. नंतर हेही सांगा की ज्या पीटर बेंचलीच्या कादंबरीवर तो आहे, त्याने पुढची वर्षं शार्क वाचवा म्हणून सांगण्यात घालवली.

सर्पमित्र_पाचोरा

सापांवर लिहिणाऱ्यांनी पण तसं करावं.

गिरणामाय

आखाजी झाली, सिनेमाही झाला. अहवाल देते.

गल्लीतली पकडून वीसेक पोरं. पाठ भिंतीकडे, तोंड उसाकडे, जिन्यावर बल्ब. सहा वर्षांचा बहिणीच्या मांडीवर सुरुवातीलाच ठाण मांडून बसला आणि पहिला लांबमान्या डायनासोर झाडाचा पाला खाताना दिसला तेव्हा टाळ्या वाजवून टी-रेक्स यायच्या आत झोपला. त्याच्यासाठी एवढा ऊहापोह, आणि तो घोरत होता.

सगळ्यात मोठा हशा कुठे पिकला सांगू? आजारी ट्रायसेराटॉप्सच्या शेणाच्या ढिगापाशी. पुण्याची मुंबईची पोरं ईईई करत होती आणि गावातली हिशेब करत होती की एवढ्यात किती गोवऱ्या होतील.

स्वयंपाकघराच्या वेळी मी आठ-नऊच्या दोघांना खाली चला म्हटलं. माझा आला. भावाचा नाही आला. "आत्या, मला बघायचंय दार कसं उघडतो ते." पूर्ण पाहिलं. मग त्याने दुसऱ्या दिवशी बापाला गोठ्याच्या दाराला आडवी दांडी लावायला लावली, वर-खाली होणारी कडी नको म्हणाला. भाऊ कुरकुरला, पण लावली. बरीच पक्की झालीय.

झोप न लागणारी एकटी माझी चौदाची निघाली. तिला डायनासोरचं काही नाही, ती म्हणे त्या बागेतल्या मोठ्या माणसांना सगळं माहीत असून कोणी थांबलं का नाही? त्यावर बाराला आम्ही दोघी बोलत बसलो होतो, कठड्याला टेकून. ते इथे नाही लिहीत.

आणि आजी. आजीचं डायनासोरांकडे लक्षच नव्हतं. टी-रेक्ससाठी बकरी बांधतात ना, आणि नंतर तिचा नुसता पाय गाडीच्या टपावर पडतो? तिथून ती जी बिनसली ती शेवटपर्यंत. "बकरीनी त्यासनं काय बिघाडेल व्हतं?" आमच्याकडे बिबट्याच्या पिंजऱ्यात बकरी ठेवतात ते सगळ्या पोरांनी पाहिलंय, त्यामुळे पोरांना ते अगदी नेहमीचं वाटलं, कोणी हूं की चूं केलं नाही. पुणेकर बहीणच तेवढी दचकली. सकाळी चहाला आजी पुन्हा तेच: "बकरीना मालकले पैसा भेटनात का?"

काय सांगू तिला?

सातपुडा_पायथा

आजींना सांगा, जनावर मारलं की लगेच वनखात्याला कळवायचं, मढं जागचं हलवायचं नाही, मग पंचनामा होतो. इथे पंचनाम्याला एक पाय शिल्लक होता, तेवढ्यावर भागलं असतं. पण बकरी मालकानेच बांधली होती, त्यामुळे अर्ज फेटाळला जाईल.

मन्ही_बोली

आन मालक आमेरिकाना, सात-बारा कोठून आनी तो?